न फुटलेल्या गोळ्याचा मूळ मालक



१४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज फुटले, ही गोष्ट आपणांपैकी बहुतेकांच्या कानांवर आलेली आहे. जहाजात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता, त्याच्याच संगतीला कापसाच्या गासड्या होत्या, आणि भरीला सोन्याच्या विटा होत्या. कापसाला आग लागली, ती दारूपर्यंत पोचली, आणि अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. आग विझवायला गेलेले ६६ बंबवाले मेले. त्यांच्या स्मरणार्थ देशात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. गोदी कामगार आणि भोवतालच्या वस्तीतली माणसे किती मेली याची मोजदाद आजही शेकड्यांनीच सांगावी लागते.

त्या सोन्याचे पुढे काय झाले ते पाहा. एक वीट मैलभर उडून एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून पडली. त्यांनी ती परत केली. बाकीच्या विटा गोदीतला गाळ काढताना पुढे कित्येक वर्षे सापडत राहिल्या, अगदी २०११ सालापर्यंत. आणि सापडलेली वीट मालकाच्या स्वाधीन करण्याची रीत शेवटपर्यंत पाळली गेली. त्याच २०११ साली त्याच गाळातून ४५ किलो वजनाचा एक जिवंत तोफगोळाही वर आला. त्याच्यावर हक्क सांगायला मात्र कोणी आले नाही.

सोन्याला सदुसष्ट वर्षांनंतरही मालक असतो आणि गोळ्याला तो दुसऱ्या दिवशीही नसतो, ही आजच्या माझ्या व्याख्यानाची सुरुवात समजा. मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा लवकर सुटली; पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयांत आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा युद्धशास्त्रावर मी काय बोलणार? परंतु युद्ध संपल्यावर मागे राहिलेला माल उचलतो कोण, कोणत्या मजुरीवर उचलतो, आणि उचलताना मेला तर जबाबदार कोण, हा प्रश्न कामगारांचा आहे. त्यावर बोलण्याचा अधिकार मी घेतो.

गोळा फुटत का नाही?

तोफगोळ्याच्या टोकाशी फ्यूज असतो. त्यात चिमूटभर अतिशय हळवी दारू, तिच्यामागे थोडी अधिक, आणि मग पोटात भरलेली मुख्य दारू. आगकाडीने चिपाड पेटवावे, चिपाडाने लाकूड पेटवावे, तशी ही साखळी. गोळा कोठारात असताना फ्यूजमध्ये एक अडसर असतो. तोफेतून सुटतानाच्या हिसक्याने आणि गरगरण्याने तो अडसर निघतो, आणि मग पहिल्या आदळीला गोळा फुटावा अशी योजना असते. पण फ्यूज सदोष निघाला, किंवा गोळा मऊ चिखलात रुतला, तर साखळी मध्येच अडते. तो गोळा 'फुसका' निघाला असे आपण म्हणतो. हा शब्द घातक आहे. त्या गोळ्याचा अडसर निघून गेलेला असतो. तो फुटायला सिद्ध होऊन थांबलेला असतो. काही जुन्या गोळ्यांत तर पिक्रिक ॲसिड भरीत. ते धातूच्या सान्निध्यात राहिले की त्यापासून मूळ दारूपेक्षाही हळवे क्षार तयार होतात. माणूस म्हातारा झाला की निवळतो. दारूगोळ्याला हा नियम लागू नाही.

आता हे सदोष फ्यूज आले कोठून? पहिल्या महायुद्धात १९१५ साली इंग्रजांना तोफगोळ्यांची टंचाई पडली. दारूगोळ्याचे स्वतंत्र खाते निघाले, लॉइड जॉर्ज त्याचे मंत्री झाले, कारखाने रात्रंदिवस चालू लागले. कसबी कारागिरांच्या जागी नवशिकी माणसे, पुष्कळशा स्त्रिया, यंत्रांवर उभ्या राहिल्या. मालाची तपासणी मागे पडली, नगांची संख्या पुढे गेली. १९१६ च्या जूनअखेर सोमच्या लढाईपूर्वी आठवडाभर इंग्रजांनी सुमारे पंधरा लाख गोळे जर्मन खंदकांवर टाकले. त्यांतले जवळजवळ तीस टक्के फुटले नाहीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ज्यांनी गिरणीत वा कारखान्यात काम केले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. घाईने काढलेला माल कोठेतरी उलटतोच. येथे तो शेतात जाऊन पडला आणि शंभर वर्षे पडून राहिला.

हत्ती गेला, शेपूट राहिले

११ नोव्हेंबर १९१८ रोजी लढाई थांबली. फ्रान्सच्या उत्तरेकडील आणि बेल्जमच्या पश्चिमेकडील जमीन गोळ्यांनी, काटेरी तारांनी आणि प्रेतांनी भरलेली होती. विजयी सैनिकांना घरी जायचे होते, आणि त्यांना रोखून धरणे कोणत्याच सरकारला परवडणारे नव्हते. मग राबायला राहिले कोण? जर्मन युद्धकैदी राहिले, आणि चिनी मजूर राहिले.

ही चिनी मजुरांची हकीगत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. १९१७ सालापासून इंग्रजांनी सुमारे ९५ हजार चिनी शेतकरी करारावर फ्रान्सात आणले. रोजचा एक फ्रँक मजुरी. लढाईतल्या कामासाठी आणलेली ही माणसे लढाई संपल्यावर १९२० पर्यंत तेथेच ठेवण्यात आली. खंदक बुजवणे, तारा गुंडाळणे, प्रेते उकरून नीट पुरणे आणि न फुटलेले गोळे गोळा करणे, ही त्यांची कामे. नुआयेल-सुर-मेर या गावी त्यांचे कबरस्तान आहे. आठशेहून अधिक कबरी आहेत. पुष्कळजण रोगाने गेले, काही अशा कामांत गेले. आपल्याकडचेही मजूर त्या युद्धात फ्रान्सात गेले होते. नागा, मिझो, संथाळ अशा डोंगरी आणि रानातल्या लोकांच्या तुकड्या १९१७ साली नेण्यात आल्या होत्या. गोऱ्या राष्ट्रांच्या भांडणात दारूगोळ्याच्या राशी वाहायला आशियाचा माणूस स्वस्त मिळाला, आणि मागचा केर काढायलाही तोच.

त्यांच्यामागून शेतकरी परत आले. सरकारने सर्वांत नासलेल्या प्रदेशाभोवती नकाशावर लाल रेघ ओढली आणि तेथे वस्तीला मनाई केली. व्हर्दनजवळची नऊ गावे सरकारी कागदावर 'फ्रान्ससाठी मृत' म्हणून नोंदली गेली. त्यांतली बहुतेक पुन्हा वसलीच नाहीत. लाल रेघेबाहेरच्या शेतांत मात्र नांगर चालू झाले, आणि प्रत्येक नांगरटीला जमीन गोळे वर टाकू लागली. तिकडचे शेतकरी याला लोखंडाचे पीक म्हणतात. त्या पिकालाही गिऱ्हाईक होते. गोळ्याचे पट्टे तांब्याचे, फ्यूज पितळेचा, आणि भंगारवाला रोख पैसे देत असे. ज्याच्या घरात चूल पेटत नव्हती तो गोळा फोडायला बसला. येथे कायदा अमुक म्हणतो, असे सांगून भागत नाही. भुकेला भंगाराचा भाव कायद्याआधी कळतो.

जाळले, बुडवले, विसरले

सरकारांना दोन सोपे उपाय सुचले. पहिला जाळण्याचा. व्हर्दनजवळच्या एका रानात १९२८ साली सुमारे दोन लाख विषारी वायूचे गोळे फोडून जाळण्यात आले. काम संपले, माणसे निघून गेली, जागेचे नाव तेवढे लोकांच्या तोंडी 'वायूची जागा' असे राहिले. सुमारे ऐंशी वर्षांनी शास्त्रज्ञांनी तेथली माती तपासली, तेव्हा वरच्या थरात काही ठिकाणी सतरा टक्क्यांपर्यंत सोमल निघाला. त्या तुकड्यावर आजही धड गवत उगवत नाही. गोळे नाहीसे झाले. विष जागेवरच राहिले.

दुसरा उपाय बुडवण्याचा. बेल्जमने युद्धानंतर लगेच सुमारे पस्तीस हजार टन दारूगोळा किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात टाकला, आणि पुढे ही गोष्ट लोक विसरले. १९७१ साली बंदराच्या कामात तो ढीग पुन्हा हाती लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांनी स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या खोल घळीत दहा लाख टनांहून अधिक दारूगोळा टाकला. १९९५ साली त्या भागातून वायूची नळी टाकण्याचे काम निघाले, आणि फॉस्फरसच्या कांड्या स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर येऊन पडल्या. वाळूत खेळणारे चार वर्षांचे एक पोर भाजले. आजोबांच्या पिढीने टाकलेला केर नातवाच्या हाताला लागला.

ज्यांनी जबाबदारी घेतली

इतिहासाची दुसरी बाजूही आहे, आणि ती तितकीच खरी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या जमिनीत लाखो सुरुंग पेरलेले होते. १९४५ च्या आरंभी फ्रेंच सरकारने पुनर्बांधणी खात्यात सुरुंग काढण्याचे स्वतंत्र कार्यालय उघडले, आणि प्रतिकार चळवळीतले रेमों ओब्राक यांना त्याचे प्रमुख नेमले. नकाशे मिळवले, शाळा काढल्या, माणसे शिकवली. दोन-अडीच वर्षांत एक कोटीहून अधिक सुरुंग निघाले. पण किंमत पाहा: सुमारे पाचशे फ्रेंच कामगार मेले, आणि या कामाला जुंपलेले सुमारे अठराशे जर्मन कैदी मेले. शत्रूने पेरले ते शत्रूने काढावे, असा युक्तिवाद होता. पण पेरणारा सेनापती आणि काढणारे अठरा वर्षांचे पोर एकच नव्हे.

या मृत्यूंचा एक परिणाम झाला, तो प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारात युद्धकैद्यांच्या श्रमांविषयी ५२ वे कलम आले. कैद्याला, तो स्वखुशीने तयार नसेल तर, धोक्याच्या कामाला लावता येणार नाही. आणि सुरुंग वा तत्सम वस्तू काढणे हे धोक्याचेच काम मानले जाईल, असे त्यात स्पष्ट लिहिले गेले. म्हणजे हरलेल्या शत्रूच्या शिपायाला 'मी हे काम करणार नाही' असे म्हणण्याचा हक्क जगाने मान्य केला. आता मी आपणांस विचारतो: ज्या मजुराच्या घरी आज दाणा नाही, तो सकाळी मुकादमासमोर उभा राहतो तेव्हा त्याची स्वखुशी कोणी तपासली आहे काय?

त्यानंतरच्या काळात युरोपात हे काम कायमच्या सरकारी सेवेचे झाले. बेल्जमच्या पुलकापेल गावी सैन्याचे केंद्र आहे. शेतकऱ्याला गोळा सापडला की तो कळवतो, आणि सैन्याची गाडी येऊन घेऊन जाते. दरसाल शे-दोनशे टन माल असा जमा होतो. प्रत्येक संशयित गोळ्याचे क्ष-किरण चित्र काढतात, आत दारू आहे की वायू आहे ते ओळखतात, दोन्ही वेगळे ठेवतात, आणि ज्याला जी रीत योग्य त्या रीतीने नष्ट करतात. घाई नाही, नगावर मजुरी नाही, भंगारावर कोणाचे पोट नाही.

जर्मनीत प्रत्येक राज्याला अशी सेवा आहे. ३ सप्टेंबर २०१७ रोजी फ्रँकफुर्ट शहरात दुसऱ्या महायुद्धातला एक इंग्रजी बाँब निकामी केला गेला. त्यात १.४ टन स्फोटक होते. त्यासाठी साठ हजारांवर माणसे घरांबाहेर काढली गेली, दोन रुग्णालये रिकामी केली गेली, आणि दिवस मावळेपर्यंत बाँब निकामी झाला. कोणाला ओरखडा आला नाही. एका जुन्या बाँबसाठी एवढा खटाटोप कशाला, असे म्हणणारे तेथेही असतील. पण तेथील काम बिनधोक आहे असेही कोणी समजू नये. १ जून २०१० रोजी ग्योटिंगेन शहरात असाच बाँब काम सुरू होण्याआधीच फुटला आणि तीन अनुभवी तज्ज्ञ मेले. शिकलेली माणसे, पूर्ण साधने, आणि तरीही तीन बळी. मग न शिकलेल्या, साधन नसलेल्या माणसाच्या हाती हे काम देणे याला काय म्हणावे, ते आपणच ठरवा.

आपल्या दारी

आपल्याकडे विद्या नाही असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. पुण्याजवळच्या खडकीला बाँबे सॅपर्स या सैनिकी इंजिनियरांचे घर आहे. याच दलातले तरुण अधिकारी प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ साली ॲबिसिनियाच्या मोहिमेत सलग ९६ तास पुढे राहून ५५ मैलांच्या वाटेवरची पंधरा सुरुंगक्षेत्रे मोकळी केली. दोनदा त्यांच्या खालची गाडी उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी ते बाजूला झाले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. विद्या आहे, शौर्य आहे, परंपरा आहे. उणीव कोठे पडते ते आता पाहू.

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला सैन्याचे मोठे दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथे जुन्या सुरुंगांच्या कोठारात आग लागून स्फोट झाला. पंधराहून अधिक माणसे गेली. मुंबईच्या १९४४ सालाप्रमाणेच त्यांत पुष्कळशी आग विझवणारी होती. मुदत संपलेला माल कोठारात साचू देणे म्हणजे काय, हे त्या पहाटे कळले.

तेव्हा जुना माल नष्ट करायलाच हवा. पण कसा? २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी त्याच परिसरात सोनेगाव आबाजी गावाजवळच्या मैदानावर जबलपूरच्या खमरिया कारखान्याचा जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम चालू होते. पेट्या उतरवल्या जात असताना स्फोट झाला आणि सहा माणसे मेली. एक कारखान्याचा कर्मचारी होता. बाकीची भोवतालच्या खेड्यांतली मजूर माणसे होती. काम कंत्राटदाराकडे होते. सैन्याचा माल, सरकारी कारखान्याचा छाप, आणि पेटी उचलणारा हात सोनेगाव-केळापूरच्या शेतमजुराचा. 'लष्कराच्या भाकऱ्या भाजणे' अशी म्हण आपण सहज वापरतो. त्या सकाळी त्या माणसांनी ती अक्षरशः भाजली, आणि भाकरीऐवजी हात भाजला नाही तर जीव गेला.

पुलगावची गोष्ट कोठारातल्या मालाची. सरावाच्या मैदानांची गोष्ट याहून जुनी आहे. अहिल्यानगरजवळ, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरजवळ, के. के. रेंज हे रणगाड्यांच्या सरावाचे मैदान आहे. त्याच्या कडेच्या गावांतली माणसे गोळ्यांचे धातू वेचताना मेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. तेथे लढाई कधीच झाली नाही. युद्धाच्या स्फोटक अवशेषांविषयी २००३ साली एक आंतरराष्ट्रीय मसुदा मंजूर झाला, भारतानेही त्याला संमती दिली. तो लढाईतून मागे राहिलेल्या मालापुरता आहे. शांततेत, आपल्याच तोफांनी, आपल्याच माळावर टाकलेल्या गोळ्याला तो लागत नाही. फ्लँडर्समधल्या शेतकऱ्याला जे पीक शत्रूने दिले, ते आपल्या माळावर आपले आपणच पेरतो.

मूळ मालक कोण?

कामगार कायद्यात 'मूळ मालक' असा एक शब्द आहे. १९७० साली कंत्राटी कामगारांविषयीचा कायदा झाला तेव्हा त्यात हे तत्त्व आले, की कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ज्याच्यासाठी काम चालले होते त्या मूळ मालकाने ती भरावी. या एका शब्दासाठी चळवळीने पुष्कळ वर्षे झगडा केला. मध्ये कितीही हात असोत, काम ज्याचे त्याची जबाबदारी, एवढाच त्याचा अर्थ.

मी आज सांगितलेल्या साऱ्या इतिहासाला हा शब्द लावून पाहा. जेथे राज्याने 'हा गोळा माझा' असे म्हटले, तेथे नकाशे निघाले, शाळा निघाल्या, पगारी माणसे आली आणि गावकऱ्याचे काम निरोप देण्यापुरते उरले. जेथे राज्याने गोळा डागला आणि हात झटकले, तेथे तो चिनी मजुराच्या, कैद्याच्या, भंगारवाल्याच्या, सोनेगावच्या शेतमजुराच्या हाती आला. यंत्रे सुधारली, दारू बदलली, पण शंभर वर्षांत हा हिशेब बदललेला नाही.

म्हणून मागणी साधी आहे. दारूगोळा विकत घेताना तो नष्ट करण्याचा खर्च त्याच कागदावर धरावा. मागून कमीत कमी बोलीवाल्याच्या गळ्यात बांधू नये. हे काम शिकवलेल्या, कायम नोकरीतल्या माणसांनीच करावे, आणि धोका दिसताच थांबण्याचा हक्क त्यांना असावा. १९४९ साली कैद्याला दिला तो हक्क स्वतंत्र देशाच्या मजुराला देण्यात कोणाचा कमीपणा नाही. मैदानाच्या कडेच्या गावाला गोळा सापडल्याची खबर देण्याबद्दल मोल मिळावे, म्हणजे भंगाराच्या भावाची ओढ राहणार नाही. आणि मेला तर जवान आणि रोजंदार मजूर यांच्या घरी जाणाऱ्या रकमेत फरक असू नये, कारण त्या पेटीने दोघांत फरक केला नव्हता.

यांतले काहीही अशक्य नाही. बेल्जममधला शेतकरी आज गोळा रस्त्याच्या कडेला ठेवून शांतपणे पुढचा तास ओढू शकतो, कारण तो उचलायला येणारी गाडी कोणाची हे त्याला ठाऊक आहे. आपल्या माळावरच्या माणसालाही तेवढेच ठाऊक व्हावे. ज्या गावांभोवती अशी मैदाने आहेत तेथील ग्रामसभांनी आणि आपल्या युनियनांनी हा प्रश्न लेखी विचारावा, आणि उत्तरही लेखी मागावे. तोंडी उत्तरांचे काय होते ते आपण सर्व जाणतो.